डीजे आणि ड्रमर म्हणून एकटीने काम करताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहते. ड्रम वाजवते आणि डीजे म्हणूनही काम करते. कुठल्या बँडची, क्लबची किंवा इव्हेंट कंपनीची पगारी माणूस नाही. कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळताना, क्लासमध्ये, लग्नाच्या बैठकीत आणि नातेवाइकांच्या घरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

डीजे म्हणजे मिरवणुकीतली ती भिंत ना?

आपल्याकडे 'डीजे आला' असं क्वचितच कुणी म्हणतं. 'डीजे लावला' म्हणतात. ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीलाच हे नाव पडलंय आणि मिरवणुकीत लेझर, बेस, छातीत बसणारे दणके असं सगळं त्या दोन अक्षरांत जमा होतं. मूळ शब्द डिस्क जॉकी. तो माणसासाठी आहे: कोणतं गाणं कधी लावायचं, एकातून दुसऱ्यात कसं शिरायचं आणि समोरच्या माणसांचे पाय कधी हलतील, हे ठरवणारा माणूस. स्पीकर भाड्याने मिळतात. माझं काम स्पीकरच्या अलीकडचं आहे.

तुम्ही एकाच वेळी दोन्ही करता म्हणजे नक्की काय करता?

माझ्या डाव्या हाताला दोन प्लेअर आणि मधे मिक्सर असतो. समोर छोटा ड्रम सेट: पायाने वाजणारा बेस ड्रम, स्नेअर (खाली तारांची जाळी असलेला छोटा ड्रम), एक फ्लोअर टॉम (पायांवर उभा मोठा ड्रम), हाय-हॅट (पेडलवर मिटणारी झांजांची जोडी) आणि एक सिंबल, म्हणजे मोठी झांज. उजवीकडे ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचं आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक यंत्र. गाणं सुरू करते, त्याचा मूळ ठेका मिक्सरवर हळूच खाली घेते आणि तिथे माझा ठेका वाजवते. पुढच्या गाण्याची वेळ आली की एक हात काठी ठेवून मिक्सरवर जातो, दुसरा हात आणि दोन्ही पाय वाजवतच राहतात. हे जमायला मला तीन वर्षं लागली.

महिन्यात साधारण तीन तऱ्हेची कामं असतात. लग्नाची संगीत-संध्या, क्लबमधला किंवा एखाद्या महोत्सवातला माझा स्वतःचा सेट, आणि दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी स्टुडिओत ड्रम वाजवणं. पहिल्या कामावर घर चालतं. दुसऱ्या कामासाठी मी या वाटेला आले. तिसऱ्या कामाने मला सगळ्यात जास्त शिकवलं.

सुरुवात कशी झाली?

ढोल-ताशा पथकातून. दहावीनंतरच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर नदीपात्रात सरावाला गेले आणि आधी ढोल हातात आला. कमरेला दोरी आवळून बांधायची, एका पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या तोंडावर, टिपरू, दुसऱ्यावर हाताची थाप. पहिल्या आठवड्यात बोटं सोलून निघाली, आई रोज रात्री खोबरेल तेल लावायची. दुसऱ्या वर्षी ताशाला बसवलं. सगळं पथक ताशाकडे कान लावून असतं. कोणता हात, म्हणजे ठेक्याचा कोणता प्रकार, वाजणार, कधी बदलणार, कधी थांबणार, हे ताशा सांगतो. साठ ढोलांना नुसत्या काड्यांच्या इशाऱ्यावर वळवता येतं, हे मला सोळाव्या वर्षी कळलं आणि तिथून पुढे दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

ड्रम सेट आला कॉलेजमध्ये. फिरोदिया करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या टीमला ड्रमर हवा होता आणि मी 'ड्रम येतो' असं सांगून टाकलं. येत नव्हता. पथकात साठ माणसं एकच ठेका उचलतात, चुकलात तर शेजारचा सांभाळून घेतो. सेटवर दोन हात, दोन पाय वेगवेगळं बोलत असतात आणि सांभाळायला कुणी नसतं. नुसता उजवा पाय हातापासून सुटा व्हायला दहा महिने लागले.

डीजेकडे वळले ते पैशाच्या गरजेपोटी. बँड फुटला, पाच माणसांच्या मानधनात हॉटेलवाल्यांना रस नव्हता, आणि एका कॅफेने विचारलं, 'एकटी काही करशील का?' पण वळल्यावर जे सापडलं, ते पुढच्या प्रश्नात आहे.

ड्रमर आणि डीजे यांचा एकमेकांशी काय संबंध? एक वाद्य वाजवतो, दुसरा तयार गाणी लावतो.

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे. डीजेच्या कलेचा एक मोठा भाग ड्रमरच्या ठेक्यातूनच निघाला.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली होती. गाणी लावायला तिचा भाऊ होता, जमैकात जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क. त्याने एक गोष्ट हेरली होती. फंक या ठेक्यावर भर देणाऱ्या अमेरिकन संगीतातल्या गाण्यांत मधेच एक जागा येते, तिथे गायक, गिटार, ब्रास सगळे थांबतात आणि एकटा ड्रमर वाजवतो. त्याला ब्रेक म्हणतात. नाचणारे नेमके तिथेच पेटून उठायचे, आणि तो ब्रेक काही सेकंदांत संपायचा. मग हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या. एका तबकडीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांचा ठेका त्याने मिनिटं-मिनिटं लांबवला. हिप-हॉपची सुरुवात इथून मानतात.

म्हणजे लोक नाचत होते ते ड्रमरवर. डीजेने त्या ड्रमरला जास्त वेळ वाजवू दिलं.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण ती माझ्या क्लासमधल्या प्रत्येक मुलाला मी सांगतेच. १९६९ साली द विन्स्टन्स या बँडने 'आमेन, ब्रदर' नावाचं एक गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. त्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने साधारण सात सेकंदांचा, चार आवर्तनांचा ब्रेक वाजवला. पुढे हिप-हॉपवाल्यांनी तो उचलला, आणि नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये जंगल आणि ड्रम अँड बेस हे वेगवान नृत्यसंगीताचे प्रकार जवळजवळ त्या सात सेकंदांवर उभे राहिले. कोलमनला त्यातून काहीही मिळालं नाही. २००६ मध्ये तो वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला दिले. कोलमन तोवर गेला होता. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड याचीही कथा फार वेगळी नाही. त्याचा एक ठेका शेकडो गाण्यांत वापरला गेला, पण वाजवणारा म्हणून त्याला रॉयल्टीचा हक्क नव्हता.

मी ते सात सेकंद रोज सकाळी वाजवते. ऐकायला सोपे वाटतात. तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी स्नेअरचा एक ठोका अपेक्षेपेक्षा उशिरा येतो, आणि तो तसाच उशिरा वाजवणं मला अजून दर वेळी जमत नाही.

भारतात असं काम आधी कुणी केलंय का?

केलंय, आणि फार मोठं केलंय. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक रेकॉर्ड काढली. ते हिंदी सिनेसंगीतातले वादक. हाताशी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती: ८०८ हे ड्रम मशीन, ३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. तेव्हा रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगभरचे डीजे चक्रावले, कारण शिकागोमध्ये जो अ‍ॅसिड हाउस या क्लबसंगीताचा आवाज पुढे काही वर्षांनी घडला, तो इथे भैरव आणि ललत रागांत आधीच वाजत होता. त्यानंतर त्यांना परदेशात मंचावर बोलावलं गेलं. २०१५ मध्ये ते गेले.

तालवादक त्रिलोक गुर्टू मुंबईचे, ठुमरी गायिका शोभा गुर्टूंचे चिरंजीव. ते स्टुलावर न बसता जवळजवळ गुडघे टेकून वाजवतात. तबला, ड्रम, सिंबल सगळं जमिनीजवळ मांडलेलं, आणि शेजारी पाण्याची बादली. वाजत्या झांजेला त्या पाण्यात बुडवलं की सूर वाकतो. मी हे घरी पातेल्यात करून पाहिलंय, तुम्हीही पाहा.

कर्ष काळे यांचा जन्म इंग्लंडचा, वाढ न्यूयॉर्कची. तबला, ड्रम आणि इलेक्ट्रॉनिक्स त्यांनी एकाच अंगात आणलं. २००१ मध्ये त्यांचा 'रियलाइझ' हा अल्बम आला. झाकीर हुसेन आणि अमेरिकन बेसवादक बिल लॅसवेल यांच्याबरोबर 'तबला बीट सायन्स' या समूहातही ते होते. आडनाव वाचून मला आधी आपलेपणा वाटला, ऐकल्यावर मात्र आडनावाची आठवणही राहिली नाही.

आणि ऑक्टोपॅड! आपल्या गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत ऑक्टोपॅडवाल्याने एकट्याने ड्रम, ढोलकी, डफ, घुंगरू, टाळ्या एवढं सगळं वाजवलंय. काठीने यंत्रातला आवाज वाजवायचा, हे माझ्या कामाचं मूळ आहे, आणि ते मला क्लबमध्ये नव्हे तर गणपतीच्या मांडवात दिसलं.

आता सॉफ्टवेअर सगळं जुळवून देतं. डीजेने फक्त बटण दाबायचं ना?

आजची, मेट्रोनोमवर, म्हणजे लय दाखवणाऱ्या यंत्राच्या टिकटिकीवर, रेकॉर्ड झालेली दोन गाणी असतील तर जुळवणी यंत्र करतं, हे खरं. दोन्ही १२४ च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १२४ ठोके. बटण दाबा, झालं.

आता सत्तरच्या दशकातलं एखादं मराठी गाणं घ्या. स्टुडिओत सगळे वादक एकत्र बसून वाजवत होते, कानात टिकटिक नव्हती. मुखडा १०४ ला सुरू होतो, अंतऱ्यात सगळ्यांना रंग चढतो आणि लय १०६ ला जाते, परत मुखड्यावर थोडी बसते. आकडे लहान दिसतात. पण दुसरीकडे मी १०४ वर स्थिर ठेका चालू ठेवला असेल, तर ३२ ठोक्यांनंतर दोघांत सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढं अंतर पडतं, म्हणजे अर्ध्या ठोक्याहून जास्त. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पाय मात्र अडखळतात. सॉफ्टवेअर अशा गाण्याला ताणून सरळ करू शकतं. मग अंतऱ्यातला तो रंगच जातो. मी उलट करते: यंत्राचा ठेका बंद ठेवते आणि स्वतः गाण्यामागून जाते. गाणं पळालं की मी पळते.

दुसरी गोष्ट चालीची, म्हणजे ठोके कितीच्या गटात मोजायचे त्याची. क्लबमधलं हाउस संगीत चारच्या चालीत असतं, आपली बरीच कोळीगीतं सहाच्या. एकातून दुसऱ्यात उडी मारली तर नाचणारे जागच्या जागी थांबतात. म्हणून आधीची आठ आवर्तनं मी हाय-हॅटवर प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करून वाजवते. दोन ठोक्यांत तीन-तीन असे सहा होतात. खाली बेस ड्रम चारचाच चालू असतो. लोकांच्या खांद्यांत ते झुलणं आपोआप येतं, पाय अजून जुनंच करत असतात. खांदे झुलायला लागले की कोळीगीत सोडायचं. कुणालाच चाल बदलल्याचं कळत नाही.

हे मी ताशावर शिकले. हात बदलायच्या आधी ताशा दोन आवर्तनं पुढच्या हाताची चाहूल देतो.

शिकायला कोणतं वय योग्य? संगीताचं शिक्षण लागतं का?

पाय पेडलला पुरला की झालं. माझ्याकडे नऊ वर्षांची मुलगी आहे आणि बँकेतून निवृत्त झालेले काकाही. परीक्षा द्यायच्या असतील तर ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या दोन्हींच्या ड्रम सेटच्या आठ श्रेणी भारतात देता येतात. वाचन पक्कं होतं आणि पालकांनाही धीर येतो. पण तबला किंवा ढोलकी आधी शिकला असाल तर ते सोडू नका. सम कुठे आहे हे ज्याला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, त्याला डीजेचं अर्धं काम येतं.

फ्लॅटमध्ये ड्रम कसा वाजवायचा? सोसायटी भांडते.

भांडणारच, आणि त्यांचं चूक नाही. जाळीची पानं किंवा इलेक्ट्रॉनिक सेट घेतला तर वरचा आवाज जातो. तरी खालच्या मजल्यावर त्रास होतो, कारण बेस पेडलचा दणका हवेतून नाही, फरशीतून जातो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे चौथरा: प्लायवुडच्या दोन फळ्या, खालच्या फळीला भोकं पाडून त्यांत बसवलेले टेनिसचे बॉल, वर दुसरी फळी, त्यावर सेट. मी जुन्या बॉलची पिशवी शाळेच्या मैदानाबाहेरच्या दुकानातून आणली होती.

आणि उपायाआधी शेजाऱ्यांकडे जाऊन या. आमच्या खाली राहणाऱ्या आजींशी माझा करार होता, संध्याकाळी पाच ते साडेसहा. त्यांच्याकडे कुणी आजारी असलं की त्या दुपारीच वर निरोप पाठवायच्या. त्या गेल्या त्या वर्षी मी तेरा दिवस काठी उचलली नाही.

सुरुवातीला काय विकत घ्यावं?

कमी घ्या. ड्रमसाठी सरावाचं रबरी पॅड, ५ए मापाच्या काठ्यांच्या दोन जोड्या आणि फोनवरचा मेट्रोनोम, एवढ्यावर सहा महिने निघतात. सेट घेताना लाकडावर पैसे घालू नका, जुना सेट चालतो. पैसे पेडल आणि सिंबलवर घाला. ड्रमचं पान बदलून आवाज सुधारतो, पण हलक्या सिंबलचा आवाज कशानेही सुधारत नाही. पुढे कार्यक्रम सुरू झाले की बहुतेक ठिकाणी सेट तिथलाच असतो. स्नेअर, सिंबल आणि पेडल तेवढे आपले न्यायचे.

डीजेसाठी दोन चॅनेलचा साधा कंट्रोलर (दोन प्लेअर आणि मिक्सरचं काम एकत्र करणारं यंत्र) आणि बंद कपांचे हेडफोन. गाणी दोन पेनड्राइव्हवर, दोन्हीवर तीच, आणि दोन्ही फॅट३२ या साठवणीच्या पद्धतीत फॉरमॅट केलेले, कारण क्लबांतले जुने प्लेअर बाकीच्या बऱ्याच पद्धती वाचत नाहीत. हा धडा मी दोनशे माणसांसमोर घेतलाय.

पैसे किती मिळतात? यावर घर चालतं का?

माझं चालतं, पण पंचांग बघून. तुळशीचं लग्न लागलं की कामं सुरू होतात, डिसेंबर भरलेला असतो, ३१ डिसेंबरला वर्षातलं सगळ्यात मोठं मानधन मिळतं, मग फेब्रुवारी आणि मे. आषाढी एकादशी आली की लग्नं थांबतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, आणि जूनच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत माझ्याकडे लग्नाची एकही सुपारी नव्हती. त्या पाच महिन्यांत क्लास आणि स्टुडिओने तारलं. आता मी नवं कॅलेंडर हातात आलं की आधी अधिक महिना कुठे आहे ते बघते.

पहिल्या कॅफेने मला २,००० रुपये दिले, त्यातले ६०० टेम्पोला गेले. आता माझं मानधन मी कामाचे तास, प्रवास आणि सामान बघून सांगते, आणि प्रत्येकाला लेखी सांगते. ठरवताना अर्धा बयाणा, उरलेले पैसे पहिलं गाणं लागण्याआधी. कंपन्या मानधन टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून आणि दीड-दोन महिन्यांनी देतात. विवरणपत्र भरा, कापलेलं परत मिळू शकतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. आलेल्या प्रत्येक शंभरातले वीस रुपये मी वेगळ्या खात्यात टाकते. फाटलेली पानं, तडकलेल्या सिंबल आणि रिकामा आषाढ त्यातून भागतो.

कधी पैसे बुडाले आहेत का?

हो. एका आयोजकाने सलग तीन कार्यक्रम करून घेतले आणि 'पुढच्या वेळी एकदम देतो' म्हणत राहिला. तिसऱ्या कार्यक्रमानंतर फोन उचलणं बंद झालं. माझ्याकडे कागद नव्हता, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते अंगठे होते. सात महिने मी पाठ सोडली नाही, त्यानंतर अर्धी रक्कम आली. तेव्हापासून तारीख, वेळ, रक्कम, रद्द झाल्यास काय आणि जेवण-प्रवास कुणाचा, हे एका पानावर लिहून समोरच्याची सही घेते. ओळखीच्या माणसाकडूनही घेते, आणि त्याला आधीच सांगते की सगळ्यांकडून घेते.

दुसऱ्यांची गाणी लावायला परवानगी लागते ना?

लागते. एका गाण्यात निदान दोन हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. हॉटेल, क्लब, तिकिटाचे कार्यक्रम यांना शब्द-चालीसाठी आयपीआरएस आणि रेकॉर्डिंगसाठी पीपीएलसारख्या संस्थांचा परवाना काढावा लागतो. तो आयोजकाने काढायचा असतो, डीजेने नाही, आणि हे माझ्या त्या एका पानावर लिहिलेलं असतं. लग्नाचं वेगळं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे धार्मिक समारंभात, लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या सामाजिक सोहळ्यांत गाणी वाजवणं हा हक्कभंग ठरत नाही. तरीही हॉलवाले कधी कधी परवाना मागतात. वधूपित्याची त्या दिवशी धावपळ होऊ नये म्हणून हे बोलणं हॉल ठरवतानाच करून घ्या.

स्वतःचं संगीत करत असाल तर जास्त जागं राहा. चाल तुमची असेल तर आयपीआरएसचे सभासद व्हा. दुसऱ्याच्या गाण्यात ड्रम वाजवलात तर श्रेयनामावलीत नाव आणि मानधन दोन्ही आधी लिहून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात वादकालाही रॉयल्टीतला वाटा आहे, पण तो मागायचा तर वाजवणारे तुम्हीच होतात हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. कोलमनची गोष्ट वर सांगितली ती यासाठीच.

रात्री दहाला बंद का करता? अजून तर रंग चढतोय.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि तुमची हळद त्यात येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. बंदिस्त हॉलमध्ये आतल्या आत पुढे चालवता येतं. म्हणून लॉनवरच्या कार्यक्रमात माझं शेवटचं मोठं गाणं साडेनऊला लागतं. पावणेदहाला लय खाली यायला लागते, म्हणजे दहाला कुणाला झटका बसत नाही. लॉनच्या पलीकडच्या इमारतीतही कुणाची तरी दहावी असते.

कानांचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून मीच ठळक लिहिते. कानात प्लग घाला. ८५ डेसिबल आवाज दिवसात आठ तास सोसतो असं धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटं उरते, आणि स्नेअरच्या शेजारी किंवा स्पीकरच्या भिंतीसमोर १०० सहज ओलांडले जातात.

एकोणिसाव्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत मी सलग ताशा वाजवला, आमच्या पुढे आणि मागे भिंती होत्या. घरी येऊन झोपले तेव्हा डाव्या कानात बारीक शिटी वाजत होती. सकाळी जाईल म्हटलं. ती आजही आहे. खोली शांत झाली की ऐकू येते, म्हणून मी पंखा लावून झोपते, थंडीतही. वादकांसाठीचे प्लग सगळा आवाज सारखाच कमी करतात, संगीत गढूळ होत नाही. ते घालूनच मी क्लास घेते, आणि मुलांनाही त्याशिवाय सेटवर बसू देत नाही.

मुलगी असून रात्री-अपरात्री हे काम? घरचे काही म्हणत नाहीत?

बाबा म्हणायचे. मग ते एकदा सोबत आले, मंचामागे खुर्चीवर बसून पहाटे दोनपर्यंत ऐकत राहिले आणि परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "तो तिसरा ठेका छान होता." आता मी टेम्पोवाले ठरलेले ठेवते, परगावी राहण्याची सोय बयाण्याआधी विचारते, आणि ज्या ठिकाणी कपडे बदलायला कडी असलेली खोली नाही तिथे जात नाही. मंचावर मला पाहून साऊंडवाले अजूनही विचारतात, "डीजे कुठेत?" मी हात वर करते आणि लाइन चेक, म्हणजे प्रत्येक वायरीचा आवाज तपासणं, सुरू करते.

आतापर्यंतची सगळ्यात अवघड रात्र कोणती?

सिंहगड रस्त्याकडच्या एका लॉनवर संगीत-संध्या होती. साडेआठच्या सुमारास जनरेटरचं डिझेल संपलं. दिवे गेले, प्लेअर गेले, ऑक्टोपॅड गेला. चारशे माणसं अंधारात, आणि नवरीची आजी नाचायला नुकतीच मधे आलेली. माझ्यासमोर वीज न लागणारं एवढंच उरलं होतं: स्नेअर, टॉम, बेस ड्रम, हाय-हॅट आणि सिंबल.

मी स्नेअरच्या जाळीचा खटका खाली केला, म्हणजे ती ताशासारखी कोरडी बोलते, आणि पथकातला पहिला हात सुरू केला. पुण्याचंच लग्न ते. मागून कुणीतरी टाळीवर सम धरली, मग दहा जणांनी, मग सगळ्यांनी. मोबाइलचे दिवे लागले. चार-पाच मिनिटं असतील. आजी नाचल्या, हळू, पण समेवर. दिवे परत आले तेव्हा मी प्लेअर लगेच सुरू केला नाही, हात पुरा करूनच थांबले.

फर्माईश घेता का?

घेते. चिठ्ठी द्या, कानात ओरडू नका.

नोकरी सोडून यात उतरू का?

मला हा प्रश्न रात्री उशिरा मेसेजवर येतो, आणि मी नेहमी एकच उलटा प्रश्न विचारते: गेल्या सहा महिन्यांत कुणी बोलावलेलं नसताना, कुणी ऐकत नसताना, आठवड्यातले किती दिवस वाजवलं? पाच असतील तर नोकरीसोबत शनिवार-रविवारची कामं धरा. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा लिहू नका. मी स्वतः दोन वर्षं दिवसा एका कार्यालयात हिशेब लिहिले. ते हिशेब आज या धंद्यात रोज कामी येतात.

तुम्हाला बोलवायचं तर काय काय सांगावं लागेल?

तारीख आणि मुहूर्ताची वेळ. हॉल बंदिस्त आहे की लॉन. साधारण किती माणसं आणि त्यांत साठीच्या पुढची किती, कारण त्यांच्यासाठी पहिला अर्धा तास मी वेगळा बांधते. दोन्हीकडच्या मंडळींची गावं सांगा. कोकण, खानदेश आणि विदर्भ एकाच गाण्यावर उठत नाहीत. जनरेटर कुणाचा आणि त्यात डिझेल किती. माझा मॉनिटर स्पीकर, म्हणजे मला स्वतःला ऐकण्यासाठीचा स्पीकर, माझ्याजवळच लागतो. मुख्य स्पीकर १७ मीटरवर असेल तर आवाज माझ्यापर्यंत सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा येतो, आणि तेवढ्यात ठेका सुटतो. मंच वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे की जिना, तेही आधीच सांगा, म्हणजे सामान उचलायला मी आणखी एक माणूस घेऊन येईन.